लिथियम : औषध केव्हा, विष केव्हा?



चैत्र सरला की तापीच्या खोऱ्यात उन्हाचा अंमल सुरू होतो. बुऱ्हाणपूर आणि त्याच्या शेजारचे बहादरपूर ह्या भागात वैशाख-ज्येष्ठात पारा चाळीस अंशांच्या पुष्कळ वर चढतो. पत्र्याच्या छपराखाली माग चालू असतात, केळीच्या बागांतून पाणी फिरत असते, आणि भर दुपारी रस्ते ओस पडलेले असतात. अशा दिवसांत एखादा मनुष्य कामावरून झोकांड्या खात घरी येतो. त्याचे हात थरथरतात, जीभ जड झालेली असते, विचारावे एक तर उत्तर दुसरेच येते. घरची माणसे म्हणतात, ऊन लागले. शेजारी कुजबुजतात, पिऊन आला असेल. आणि ह्याला पूर्वी मनाचा विकार झाला होता हे ज्यांना ठाऊक असते ते म्हणतात, जुने दुखणे पुन्हा उसळले.

ह्या तीन तर्कांपैकी एखादा खरा असू शकेल. परंतु तो मनुष्य लिथियम हे औषध घेत असेल, तर चौथ्या शक्यतेचा विचार सर्वांआधी झाला पाहिजे. ती शक्यता म्हणजे लिथियमची विषबाधा. ही बाधा वेळीच ओळखली तर बहुतेक रोगी पूर्ववत होतात. ओळखण्यास विलंब झाला तर प्राण जाण्याचा, किंवा प्राण वाचूनही शरीराचा तोल कायमचा बिघडण्याचा संभव असतो. म्हणून ही ओळख डॉक्टरांइतकीच घरच्या माणसांनाही असणे अगत्याचे आहे.

लिथियम हा एक धातू आहे, आणि धातूंमध्ये तो सर्वांत हलका आहे. इ. स. १८१७ मध्ये स्टॉकहोम येथे बर्झेलियस ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर्फवेडसन ह्या तरुणाने एका खनिजात त्याचा शोध लावला. दगडात सापडला म्हणून ग्रीक भाषेतील ‘दगड’ ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. आज मोटारींच्या आणि दूरध्वनींच्या बॅटऱ्यांमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले आहे. औषध म्हणून वापरतात तो मात्र त्या धातूचा क्षार होय. आपल्याकडे लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या मिळतात.

ज्या विकारात मन कधी उन्मादाच्या शिखरावर चढते तर कधी विषण्णतेच्या गर्तेत कोसळते, त्या विकारावर हे औषध देतात. उन्मादाच्या भरात झोप नाहीशी होते, पैसा उधळला जातो, अद्वातद्वा बोलणे होते. विषण्णतेत जगणे नकोसे वाटते. ह्या दोन्ही लाटांना बांध घालण्याचे सामर्थ्य लिथियममध्ये आहे. शिवाय अशा रोग्यांमधील आत्महत्येचे प्रमाण त्याने घटते, असे दीर्घकालीन अनुभवांती दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे. तेव्हा आज सांगावयाचे आहे ते ह्या औषधाच्या निंदेखातर नव्हे. जे औषध हजारो संसार सावरून धरते ते सुरक्षितपणे कसे घ्यावे, एवढाच हेतू.

अडचण एकच आहे. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा ह्यांच्यातील अंतर फार थोडे आहे. रात्रीची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी सकाळी रक्त तपासले असता दर लिटरमागे साधारणतः ०.६ ते १.० मिलिमोल लिथियम असावे, असा दंडक आहे. उन्मादाच्या तीव्र अवस्थेत डॉक्टर काही काळ ह्याहून किंचित अधिक प्रमाण ठेवतात. ते १.५ च्या पुढे गेले की बाधेची चिन्हे दिसू लागण्याचा संभव असतो, आणि २ च्या पुढे धोका वाढत जातो. वयस्क रोग्यांना तर ह्याहून कमी प्रमाणातही त्रास होऊ शकतो. म्हणजे गोळ्यांची संख्या न बदलताही केवळ शरीरातील पाणी घटल्याने औषधाचे विष बनू शकते.

हा धडा जगाला एकाच वर्षी दोन ठिकाणी मिळाला. ते वर्ष १९४९. अमेरिकेत हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांना मीठ वर्ज्य करण्याचा सल्ला दिला जात असे. त्यांच्या जिभेला चव यावी म्हणून मिठाऐवजी लिथियम क्लोराइडची पूड बाजारात विकली जाऊ लागली. लोक ती भाजीवर, मांसावर मनसोक्त शिंपडू लागले. थोड्याच काळात कित्येकांना कंप सुटला, दृष्टी अंधुक झाली, शुद्ध हरपू लागली, आणि काही दगावले. सरकारने ती पूड बाजारातून काढून घ्यावयास लावली.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियातील जॉन केड ह्या मनोविकारतज्ज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथील जपानी बंदिवासात साडेतीन वर्षे काढून आलेल्या ह्या डॉक्टराने उन्मादाच्या दहा रोग्यांना लिथियम दिले होते. त्यांच्यात आश्चर्य वाटावे अशी सुधारणा झाली. त्यांच्यातील पहिला रोगी तर कित्येक वर्षांच्या उन्मादातून बाहेर पडून घरी गेला आणि कामावरही रुजू झाला. पुढे त्याने औषध सोडले, विकार उलटला, पुन्हा औषध सुरू झाले, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा अंत झाला. ज्या औषधाने त्याला संसारात परत आणले, त्यानेच त्याला नेले. रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय त्या वेळी रोग्याच्या उशाशी पोहोचलेली नव्हती. मेलबर्न येथील नोआक आणि ट्राउटनर ह्यांनी १९५१ मध्ये शंभराहून अधिक रोग्यांवरील अनुभव मांडला, आणि रक्त मोजून औषध देण्याचा मार्ग खुला झाला. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मॉगेन्स शौ ह्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेने मात्र १९४९ च्या कटू अनुभवामुळे १९७० पर्यंत ह्या औषधास मान्यता दिली नाही.

अमेरिकेतील ते रोगी एवढ्या लवकर का बाधले? ह्या प्रश्नाच्या उत्तरात सारे मर्म आहे. लिथियम यकृतात पचत नाही, त्याचे दुसऱ्या कशात रूपांतर होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मात्र लिथियम आणि मिठातील सोडियम ह्यांच्यात फारसा भेद करीत नाहीत. गाळल्या गेलेल्या लिथियमपैकी बराच मोठा अंश सोडियमच्या सोबतीने पुन्हा रक्तात ओढला जातो. शरीरात मीठ आणि पाणी कमी पडले की मूत्रपिंडे मिठाचा कण न् कण राखू पाहतात, आणि त्या भरात लिथियमही राखून ठेवतात. अमेरिकेतील रोग्यांचे मीठ तोडलेले होते. त्यांच्या शरीराने लिथियम घट्ट धरून ठेवले, ते ह्याच कारणाने.

बुऱ्हाणपूरकरांना पाण्याच्या हिशेबाचे महत्त्व सांगावयास नको. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखानान ह्यांच्या कारकीर्दीत, सातपुड्याच्या कुशीतून झिरपणारे पाणी भुयारांत एकवटून शहराला पुरविणारा कुंडी भंडारा उभा राहिला. किती पाणी येते आणि किती जाते ह्याचा मेळ राखला, म्हणूनच तो टिकला. शरीराचा जलव्यवहारही असाच आहे. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. ओकाऱ्या, जुलाब, ताप ह्यांनीही तेच होते. त्यातून लिथियम दीर्घकाळ घेणाऱ्या पुष्कळांच्या मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती कमी झालेली असते. त्यांना लघवी जास्त होते आणि तहानही फार लागते. अशा मनुष्याला उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही तर हिशेब फार लवकर चुकतो.

उपवासांचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे कोणी अळणी व्रत करतो, कोणी निर्जळी एकादशी करतो, मुसलमान बांधव रमजानचे रोजे पाळतात, ख्रिस्ती कुटुंबांत ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. श्रद्धेचा मान राखूनच हे सांगितले पाहिजे की, लिथियम घेणाऱ्याने व्रत धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आजाऱ्याला सूट देण्याची उदारता प्रत्येक धर्मात आहे. नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचे मीठ आणण्याचा विचार असेल, तर त्याआधीही डॉक्टरांना विचारावे. मीठ एकाएकी वाढवूही नये, कारण त्याने औषधाचे प्रमाण घटून विकार उलटू शकतो. नित्याचे मीठ आणि नित्याचे पाणी ह्यांत खंड पडू न देणे, हाच नियम.

दुसरा धोका औषधांच्या दुकानात असतो. अंग दुखले, गुडघा धरला की चिठ्ठीवाचून गोळी घेण्याची सवय सर्वत्र आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्यांसारख्या वेदनाशामक गोळ्या लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढवितात. रक्तदाबावरील काही औषधांनीही हेच घडते. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन ह्या लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, तसेच एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही त्यांपैकी काही नावे होत. रक्तदाबाचे डॉक्टर निराळे, मनोविकाराचे डॉक्टर निराळे, आणि दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्यांची वार्ता नाही, असे घडता कामा नये. ही औषधे देणे भागच पडले तर लिथियमची मात्रा कमी करून रक्त वरचेवर तपासावे लागते. किरकोळ ताप-दुखण्यावर पॅरासिटामॉल हे सामान्यतः अधिक सुरक्षित समजले जाते.

आता लक्षणांकडे वळू. लिथियम योग्य प्रमाणात असतानाही बोटांना बारीक कंप असतो, थोडी तहान वाढते. ह्याला विषबाधा म्हणत नाहीत. बदल झाला की सावध व्हावे. बारीक कंप ठळक होतो, चहाची बशी हातात राहत नाही, नेहमीची सही वेडीवाकडी येऊ लागते. मळमळ, ओकारी, पातळ शौच सुरू होते. अंगात जडपणा आणि गुंगी येते. पुढच्या पायरीवर चालताना तोल जातो, शब्द अडखळतात, स्नायू आपोआप उडू लागतात, डोळ्यांची बुबुळे थरथरतात, वेळ-स्थळाचे भान सुटते. अखेरच्या पायरीवर झटके येतात आणि रोगी बेशुद्ध होतो.

ही बाधा दोन वाटांनी येते. कोणी एकाच वेळी फार गोळ्या घेतल्या तर आधी पोट बिघडते, आणि मेंदूवरील परिणाम काही तासांनी दिसू लागतात. म्हणून ‘ओकून मोकळा झाला, आता बरा आहे’ असे मानून घरी ठेवणे घातक ठरते. दुसरी वाट संथ आहे. नेहमीचीच मात्रा चालू असते, पण ऊन, जुलाब, नवी गोळी किंवा मंदावलेली मूत्रपिंडे ह्यांमुळे औषध दिवसेंदिवस साठत जाते. येथे पोटाची तक्रार नसूही शकते, आणि गुंगी, अडखळते बोलणे, गेलेला तोल हीच पहिली चिन्हे असतात. हीच वाट फसवी आहे, कारण तिला विकाराचा उलटा समजून कोणी गोळी वाढवून देतो. उन्हाच्या झटक्यात अंग भाजून निघते. लिथियमच्या बाधेत अंगात ताप असतोच असे नाही. मात्र दोन्ही एकत्रही येऊ शकतात. त्यामुळे थर्मामीटर पाहून निश्चिंत होऊ नये. रक्ताची तपासणी हाच निर्णय.

संशय येताच घरी काय करावे? लिथियमची पुढची गोळी देऊ नये. मुद्दाम ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. रोगी पूर्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर घोट घोट पाणी द्यावे. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरातील साऱ्या गोळ्यांची पाकिटे, रक्तदाबाची, सांधेदुखीची, सर्व बरोबर न्यावीत. आणि रुग्णालयाच्या दारातच पहिले वाक्य बोलावे : ‘हा लिथियम घेतो.’ हे एक वाक्य कित्येक तास वाचविते.

रुग्णालयात प्रथम श्वास, नाडी आणि शुद्ध पाहिली जाते. लिथियम, सोडियम आणि मूत्रपिंडांची स्थिती ह्यांसाठी रक्त घेतले जाते, हृदयाचा आलेख काढला जातो. येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. रक्त गोठू नये म्हणून काही हिरव्या टोपणाच्या नळ्यांत लिथियमचाच क्षार घातलेला असतो. अशा नळीत रक्त घेतले तर अहवालात खोटा मोठा आकडा येतो. एका आकड्यावर विसंबूनही चालत नाही. दर काही तासांनी रक्त पुन्हा तपासावे लागते, आणि आकड्याइतकेच रोग्याच्या अवस्थेकडे पाहावे लागते. जुन्या रोग्यात आकडा मध्यम असूनही मेंदूला मोठी बाधा झालेली असू शकते.

लिथियमवर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. विषावर नेहमी देतात तो कोळसाही निरुपयोगी ठरतो, कारण लिथियम त्याला चिकटत नाही. उपचाराचा पाया आहे तो शिरेतून दिले जाणारे मिठाचे सलाइन. त्याने शरीरातील पाणी आणि मीठ भरून निघते, आणि मूत्रपिंडे लिथियम सोडू लागतात. सलाइन चालू असताना सोडियम वारंवार तपासतात, कारण ज्यांची मूत्रपिंडे पाणी राखीत नाहीत त्यांच्या रक्तात ते भराभर वाढू शकते. लघवी वाढविणारी औषधे येथे देऊ नयेत. त्यांनी पाणी आणखी घटते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मोठ्या संख्येने पोटात गेल्या असतील, तर विशिष्ट द्रावण देऊन सारे आतडे धुऊन काढण्याचा उपाय करतात.

बाधा गंभीर असेल तर डायलिसिस, म्हणजे यंत्राच्या साह्याने रक्त गाळणे, हा मुख्य उपाय होय. लिथियमचा कण लहान असतो आणि तो रक्तातील प्रथिनांना चिकटून राहत नाही, म्हणून यंत्राने तो चांगला निघतो. २०१५ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांच्या मंडळाने ह्याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. शुद्ध हरपत असेल, झटके येत असतील किंवा हृदयाची लय धोकादायक झाली असेल, तर आकडा कितीही असो, डायलिसिस करावे. मूत्रपिंडे मंदावली असून आकडा ४ च्या वर असेल, तरीही करावे. यंत्रावरून उतरविल्यावर आकडा खाली आलेला दिसतो, परंतु पेशींत दडलेले लिथियम पुन्हा रक्तात उतरते आणि आकडा परत चढू शकतो. त्यामुळे पुढील बारा तास तपासण्या चालू ठेवतात, आणि गरज पडल्यास डायलिसिस पुन्हा करतात. आपल्या रुग्णालयात ही सोय नसल्यास रोगी बेशुद्ध होण्याची वाट न पाहता त्याला मोठ्या शहरात हलविणे इष्ट.

मेंदूतून लिथियम सावकाश बाहेर पडते. अहवाल सुधारूनही रोगी दोन-चार दिवस, क्वचित अधिक काळ, गोंधळलेला राहू शकतो. घरच्यांनी धीर सोडू नये. काही थोड्या रोग्यांत मात्र तोल जाणे आणि अडखळते बोलणे औषध थांबवून दोन महिने उलटले तरी जात नाही. ते कायमचे राहू शकते. विलंबाची किंमत ही अशी मोजावी लागते.

एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. विषण्णतेच्या भरात कोणी मुद्दाम जास्त गोळ्या घेतो, आणि पोलिसांच्या भयाने घरचे लोक ती गोष्ट लपवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे, आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा भय बाळगू नये, डॉक्टरांना खरे ते सांगावे. मन खचलेल्यांना बोलण्यासाठी १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

बाधा टळावी म्हणून नियम थोडेच आहेत. सुरुवातीला आणि मात्रा बदलल्यावर लवकर, नंतर तीन ते सहा महिन्यांनी रक्तातील लिथियम तपासावे. मूत्रपिंडे आणि थायरॉइड ग्रंथी ह्यांची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुप्पट घेऊ नये. हळू विरघळणारी गोळी कुटून घेऊ नये. उन्हात काम असेल तर जवळ पाणी ठेवावे. जुलाब किंवा ओकाऱ्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून औषध काही काळ थांबवावे. आणि खिशात एक चिठ्ठी असावी : नाव, औषध, मात्रा.

हे ऐकून एखाद्याने भीतीने आजच गोळ्या फेकून दिल्या, तर तेही अनर्थकारकच होईल. औषध अचानक कायमचे सोडल्यास विकार मोठ्या वेगाने उलटतो, आणि आत्मघाताचा धोका वाढतो. विषबाधेच्या संशयाने गोळी थांबवावी ती डॉक्टरकडे जाण्यासाठी. पुढे ती पुन्हा केव्हा, किती घ्यावी, किंवा दुसरे औषध घ्यावे, हे त्यांनीच ठरवावे.

मनाच्या रोग्याचे एक दुर्दैव असते. त्याच्या शरीराची तक्रार कोणी खरी मानीत नाही. डोके दुखते म्हटले, पाय लटपटतात म्हटले, तरी त्याच्या मनाचा खेळ म्हणून ती उडवून लावली जाते. लिथियम घेणाऱ्याच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. त्याचे बोलणे अडखळले तर त्याला दटावू नये. त्याचे ऐकून घ्यावे, आणि त्याला रक्ततपासणीसाठी घेऊन जावे.